दोनशे अठरा भोकांची गाडी

नाही, पण पलंगावर? पलंगावर कुणी गाडीचं बॉनेट निजवतं का, तुम्हीच सांगा मला. निजवलं ते निजवलं, वर त्याच्या अंगावर चादर, चादरीवर दुलई, कडेनं लोड लावलेले, आणि घरातली जितीजागती माणसं खाली सतरंजीवर कूस बदलतायत... आणि म्हणे हलकी गाडी. पण हे असं मधूनच सांगत बसले तर तुम्हाला काही कळायचं नाही. नीट बसा, मुळापासून सांगते.

तर एक होता मिस्त्री, एक होती मिस्त्रीण, एक होती मिस्त्रीची आई, आणि या तिघांना मिळून खोल्या होत्या दोन. खाली गॅरेज, वर बिऱ्हाड, मधे एक लोखंडी जिना, तो इतका वाजायचा की कोण चढतंय ते न बघता सांगावं. मिस्त्री पत्र्याचं काम करायचा. म्हणजे कुणी गाडी ठोकली, दार चेपलं, मडगार्ड मुडपलं, की आणायची मिस्त्रीकडे, आणि तो हातोडीनं असं काही गोंजारायचा की पत्र्यालाच लाज वाटावी, आपण चेपलोच कसे. गुणी माणूस. व्यसन नाही, तोंडात वावगा शब्द नाही. एकच खोड. त्याला भोक बघवायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, गाडी गंजते, भोक पडतं, मिस्त्री बुजवतो, त्याचा धंदाच तो. अहो, पण धंद्यापुरतं असेल तर ना. भिंतीत खिळा काढल्याचं भोक दिसलं, बुजव. जिन्याच्या कठड्याच्या नळीचं तोंड उघडं दिसलं, बुजव. एकदा मिस्त्रीण दोन दिवस बहिणीकडे गेली, तर बेसिनला वरच्या अंगाला ते एक छोटं भोक असतं ना, पाणी जास्त झालं की जायला, ते ह्यानं इतकं सुबक बुजवून ठेवलं की बोट फिरवलं तरी कळू नये. सासूबाई नळ सुरू ठेवून शेजारणीशी बोलायला गेल्या, आणि जिन्यावरून जे पाणी आलं ते थेट खाली, गिऱ्हाइकाच्या गाडीत. आणि हा काय म्हणतो? "मला वाटलं, बनवणाऱ्याकडून राहून गेलंय." त्या दिवसापासून मिस्त्रिणीनं पिठाची चाळणी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावून.

असं सगळं बरं चाललेलं, आणि एक दिवस जिना वाजला. जागेचा मालक. "मिस्त्री," तो म्हणाला, "मी आता थकलो. मुलाकडे राहायला जाणार. ही जागा विकतोय. पुढचं वर्ष संपेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. घेतलीत तर तुमची, नाहीतर एक जण मागे लागलाय, त्याला इथं गाद्यांचं गोदाम करायचंय." वीस वर्षं ज्या खिडकीत उभं राहून मिस्त्रिणीनं तांदूळ निवडले त्या खिडकीत गाद्या? पण मिस्त्री शांत. म्हणाला, "बघू." तो "बघू" म्हणाला ना, की मिस्त्रिणीला कापरं भरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर बसून गेला, संध्याकाळी टेम्पोतून आला.

"स्कूटर कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"कोंबडीवाल्या बाईला."

"का?"

"हे घेतलं तिच्याकडून." आणि त्यानं टेम्पोवरची ताडपत्री ओढली.

तुम्हाला सांगते, आधी कोंबडीच दिसली. गाडी मागाहून दिसली. म्हणजे गाडी ती, पण वीस-पंचवीस वर्षं खुराडं म्हणून वापरलेली, काचांच्या जागी पोती, चाकांच्या जागी विटा, आणि ड्रायव्हरच्या जागेवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती काही केल्या उठायला तयार नाही, तशीच आली बिचारी टेम्पोतून, अंड्यांसकट. मिस्त्रीण बघतच राहिली. "आणि हे काय आहे?"

"ही," मिस्त्री म्हणाला, "ही आपली जागा."

मग त्याची जी टकळी सुरू झाली. की मी उमेदवारी करत होतो तेव्हा आमच्या उस्तादाच्या भिंतीवर हिचा फोटो होता. की दोन दारांची, दोघांची, शर्यतीची गाडी, अशा साऱ्या जगात साठ-सत्तर बनल्या, त्यातल्या किती उरल्या देव जाणे. की सगळा पत्रा ॲल्युमिनियमचा, वहीच्या पुठ्ठ्याएवढा जाड. की हिला नीट केली तर शौकीन लोक समुद्र ओलांडून येतील, मागू ती किंमत देतील, आणि गॅरेज आपलं होईल. "आणि हलकी किती आहे माहितीय? मागून दोन माणसांनी धरली तर उचलेल."

"दोन माणसं कोण?"

दोन माणसं म्हणजे मिस्त्रीण आणि सासूबाई. टेम्पोवाल्यानं कमरेचं कारण सांगून हात झटकले. धरली मागून दोघींनी, "आई, तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून", आणि उचलली हो, खरंच उचलली, वीतभर. पुढचे आठ दिवस सासू-सून दोघी काटकोनात चालत होत्या. आणि म्हणे हलकी गाडी.

आता गाडी खाली गॅरेजात ठेवायची की नाही? नाही. खाली रोजची गिऱ्हाइकं, कुणी आडदांड माणूस कोपर टेकवून उभा राहिला तर पोचा पडेल, इतका नाजूक पत्रा. म्हणून सांगाडा तेवढा खाली, बाकी गाडी सुटी करून वर. बॉनेट पलंगावर, ते सांगितलंच. दोन्ही दारं कपाटामागे. मागचा पत्रा गॅलरीत, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. इंजिनाचे तुकडे स्वयंपाकघरात ओट्याखाली, कारण तिथं कोरडं असतं. आणि सीट? कोंबडी उठली एकदाची, पिल्लं घेऊन मालकिणीकडे गेली, तर सीट धुऊनपुसून ठेवली बाहेरच्या खोलीत, बसायला. सासूबाई बसल्या. आता शर्यतीच्या गाडीचं सीट म्हणजे कसं, जमिनीला टेकलेलं, पाय पुढे लांब, पाठ मागे कललेली. बसताना छान वाटलं. उठताना दोन माणसं लागली, एकानं ओढायचं, एकानं मागून रेटायचं. "अगं सूनबाई," सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "शर्यत जिंकल्यावर त्या माणसाला बाहेर कोण काढत असेल?"

आणि स्क्रू. स्क्रू, नट, वायसर, चिमट्या, असं शेकड्यांनी. ते ठेवायचे कशात? मिस्त्रिणीच्या डब्यांत. साखर हलली बरणीत, डाळ पिशवीत, आणि डब्यांत स्क्रू, प्रत्येकावर मिस्त्रीच्या अक्षरात चिठ्ठी. सासूबाईंना वाचता कुठं येतंय? पण बाई कानाची अशी तयार, डबा हलवायच्या आणि सांगायच्या, "हे दाराचे... हे दिव्याचे... हा चहाचा." मिस्त्री चिठ्ठ्या वाचायचा आणि चुकायचा, आई हलवून सांगायची आणि चुकायची नाही.

असे गेले सात-आठ महिने. आणि मग एक दिवस मिस्त्रीनं कपाटामागचं दार बाहेर काढलं, वरचा जुना रंग खरवडला, आतली चौकट उघडी केली, आणि किंचाळलाच. मिस्त्रीण हातातलं टाकून धावली.

"बघ. बघ हे काय केलंय कुणी."

दाराच्या आतल्या चौकटीला भोकं. एक नाही, दोन नाही, ओळीनं, रुपयाएवढी, बशीएवढी, नुसती चाळण. दुसरं दार काढलं, तेच. सीटखालच्या पट्ट्यांना, तेच. ब्रेकच्या पेडलला, बॉनेटच्या बिजागऱ्यांना, डॅशबोर्डच्या मागे, जिथं मळाचा थर खरवडावा तिथं भोक. मिस्त्री खाली बसला. डोळ्यांत पाणी. "कुणीतरी ड्रिल घेऊन बसलं असेल," तो म्हणाला, "रिकामटेकडं. काय जीव घेतलाय बिचारीचा."

आता उस्तादाच्या भिंतीवरचा फोटो बाहेरून काढलेला ना. आतलं कुणी बघितलंय? मिस्त्रीनं नाही, मिस्त्रिणीनं नाही, उस्तादानंही नसेल. आणि समोर कोण? ज्याला बेसिनचं भोक बघवत नाही तो. तुम्हीच सांगा, काय होणार होतं?

त्यानं कंबर कसली. दिवसभर खाली गिऱ्हाइकांचं काम करायचं, आणि दुपारी जेवण झाल्यावर दोन तास भोकं. प्रत्येक भोकाच्या मापाची ॲल्युमिनियमची चकती कापायची, अलगद बसवायची, कडेनं वेल्डिंग, मग कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग ओला पॉलिश पेपर, मग गालावरून हात फिरवावा तसा हात फिरवायचा, आणि शीळ घालायची. चार महिने शीळ घालत होता माणूस. इतका खूश मिस्त्रिणीनं त्याला लग्नातही बघितला नव्हता.

आणि तिला तरी कुठं राहवतंय? ती म्हणाली, तुम्ही एवढं करताय, मग बसणाऱ्याच्या पायाखाली नुसता पत्रा बरा दिसतो का? तिनं जाड लोकरीचं आवरण शिवलं, खालून अस्तर, अस्तराखाली तक्क्याला घालतात तसा थर, कडेनं गोट. सासूबाई म्हणाल्या, दारातून वारा येत असेल, तर त्यांनी दोन्ही दारांच्या पोकळीत कापूस भरला, हातानं पिंजून, ठासून. मिस्त्री म्हणाला, खिडक्यांना हे काय प्लॅस्टिक लावलंय दळभद्री, काच बसवू, अस्सल, जाड. खालून खडखड वाजू नये म्हणून डांबराचा थर दिला. तिघांनी मिळून त्या गाडीचं जे कोडकौतुक केलं ना, ते पोटच्या पोरीचं कुणी केलं नसेल. आणि रंग? पिकल्या लिंबासारखा, असा की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

मग सगळी गाडी खाली जोडली, चाकं चढवली, पत्र गेलं, फोटो गेले, आणि वर्ष संपायला महिना राहिला असताना आले एक गृहस्थ. पांढरे हातमोजे घातलेले. म्हणून घरात त्यांचं नाव पडलं हातमोजेवाले. काखेत हे एवढं जाड पुस्तक, मागे ड्रायव्हरच्या हातात चार चपट्या पाट्या. अदबीचा माणूस. सासूबाईंना वाकून नमस्कार केला, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, श्वास रोखून. "मिस्त्री," म्हणाले, "असा पत्रा मी बघितला नाही. कुठं लाट नाही, कुठं सुरकुती नाही." मिस्त्रीण जिन्यावर उभी, मनातल्या मनात खिडकीला नवे पडदे लावायला लागली.

मग त्यांनी दार उघडलं. म्हणजे एका बोटानं उघडायला गेले, आणि दार हललं नाही. दोन बोटांनी. मग हातानं.

"दार इतकं जड कसं?"

"भक्कम केलंय, साहेब."

त्यांनी दार लावलं. ठप्प. तिजोरी लागावी तसं. हातमोजेवाल्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. "हिचं दार," ते म्हणाले, "रिकामा डबा वाजावा तसं वाजायला हवं."

"तेच तर," मिस्त्री म्हणाला, "आता वाजत नाही."

त्या चपट्या पाट्या म्हणजे वजनकाटे. चार चाकांखाली चार. पुस्तकात लिहिलेलं, या नंबरची गाडी सहाशे चाळीस किलो. काट्यांवर आलं सातशे एकतीस. हातमोजेवाल्यांनी काटे उचलले, झटकले, पुन्हा ठेवले. सातशे एकतीस. आणि म्हणे हलकी गाडी. मग त्यांनी गोट लावलेलं आवरण उचललं, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, सीटखाली टॉर्च मारला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मिस्त्री... भोकं कुठं आहेत?"

आणि मिस्त्री काय म्हणाला माहितीय? पहिला नंबर आलेला पोरगा बक्षीस घ्यायला पुढे जातो ना, तसा छाती काढून म्हणाला, "एक ठेवलं नाही, साहेब."

हातमोजेवाले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. हातमोजे काढले. पहिल्यांदाच.

"ती कारखान्यानं पाडली होती," ते म्हणाले. "मुद्दाम. शर्यतीत वजन कमी व्हावं म्हणून कारागिरांनी एकेक भोक हातानं पाडलं. प्रत्येक गाडीची निराळी. या गाडीला दोनशे सतरा. तीच हिची ओळख. माणसं भोकं बघायला येतात, मिस्त्री. भोकांसाठी किंमत देतात."

"मुद्दाम?" मिस्त्री म्हणाला.

"मुद्दाम."

"शहाण्या माणसांनी?"

"पगार घेऊन."

सासूबाई वरून म्हणाल्या, "मग मी भरलेला कापूस?" हातमोजेवाल्यांनी डोळे मिटले. शेवटी म्हणाले, "तीन आठवड्यांनी मी परत येतो. हिला पुन्हा हिच्यासारखी करता आली तर घेतो. नाहीतर माफ करा, दुसऱ्या गावी एक आहे, तिला बघतो." तीन आठवडे. आणि चौथ्याला गाद्यांचं गोदाम.

मिस्त्रिणीच्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. स्कूटर आली, सतरंजी आली, चहाच्या डब्यातले स्क्रू आले, बेसिन आलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. कधी स्वस्थ नसायचे ते हात, मांडीवर उताणे पडलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. तिनं तोंड मिटलं. कात्री घेतली आणि आपण शिवलेला गोट उसवायला बसली.

आवरण गेलं. अस्तर गेलं. डांबर खरवडलं, त्यात दोघांची नखं गेली. काच उतरवली, प्लॅस्टिक परत चढलं. सासूबाईंनी दारांतून कापूस ओढायला घेतला, तो संपता संपेना, जादूगाराच्या तोंडातून रुमाल निघावेत तसा निघतोय, खोलीत गुडघाभर कापूस. "अगं, मी एवढा भरला?" म्हणाल्या. "मला वाटलं मूठभर असेल." पण हे झालं सोपं. भोकांचं काय?

तीच तर गंमत. भोकं सापडेनात. मिस्त्रीनं बुजवली होती ना. बोटं फिरवली, उजेडात तिरकं धरून बघितलं, ओलं करून बघितलं, काही नाही, सगळा पत्रा सलग, आईच्या पोटातून तसाच आल्यासारखा. आठवून आठवून एकोणीस सापडली. आपल्याच कामावर इतका संतापलेला कारागीर तुम्ही बघितला नसेल. "कुठल्या गाढवानं बुजवलंय हे?" असं म्हणायचा, आणि मग गप्प बसायचा.

चौथ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आल्या. दाराच्या चौकटीवर टिचकी मारावी तशी चमच्यानं मारली. टण्ण. जरा पुढे. टण्ण. जरा पुढे... ठप.

"इथं," त्या म्हणाल्या.

"इथं काय, आई?"

"इथं बुजवलंयस तू. मडकं घेताना वाजवून घेत नाही का माणूस? चिरलेलं असलं की बोलतं ते."

मिस्त्रीनं ड्रिल लावलं. कडेच्या जोडावर बरोबर. चकती निघाली, टिंग करून फरशीवर पडली, आणि मागे भोक, जुनं, गोल, हसरं. मिस्त्रीण हसायला लागली ती थांबेचना.

मग काय विचारता. सासूबाई पुढे चमचा घेऊन, मागे मिस्त्रीण खडू घेऊन, त्यामागे मिस्त्री ड्रिल घेऊन, अशी वरात निघाली गाडीभोवती. टण्ण, टण्ण, ठप, गोल काढ, घर्रर्र, टिंग. सकाळपासून. शेजारी आले, "काय चाललंय?" "भोकं शोधतोय." शेजारी गेले. पहिल्या दिवशी मिस्त्री डोळे मिटून ड्रिल मारत होता, मिस्त्रीण म्हणाली, "अहो, निदान उघडे ठेवून पाडा, अंगठा जाईल." प्रत्येक भोकाला कळ यायची त्याला, दात काढल्यासारखी. दुसऱ्या आठवड्यात मात्र तो शीळ घालायला लागला. अगदी तीच, बुजवतानाची. बॉनेटच्या पट्टीला सासूबाईंनी चाळीस भोकं एका सकाळी काढली, मधे एकदा सीटवर बसल्या, दोघांनी मिळून त्यांना उठवलं, परत चालू. चमचा वाकला, दुसरा घेतला. आणि म्हणे हलकी गाडी, तिनं तीन जणांची मान, कंबर आणि दोन चमचे घेतले.

हातमोजेवाले यायच्या आदल्या दिवशी मिस्त्रिणीनं दर भोकामागे भिंतीवर ओढलेल्या खडूच्या रेघा मोजल्या. दोनशे सतरा. झालं. तिनं हुश्श केलं, खडू ठेवला. आणि सासूबाई ड्रायव्हरच्या सीटमागच्या आडव्या पट्टीशी उभ्या. ठप.

"आई, झाली दोनशे सतरा."

"असतील. इथं ठप वाजतंय."

"पण पुस्तकात दोनशे सतराच आहेत."

"मला मोजता येत नाही गं बाई. मला ऐकू येतं."

मिस्त्री मिस्त्रिणीकडे बघतो, मिस्त्रीण मिस्त्रीकडे. जास्तीचं भोक पडलं तर गाडी गेली. पण त्या चमच्यानं दोनशे वेळा खरं सांगितलेलं, आताच खोटं का सांगेल? "पाडा," मिस्त्रीण म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. घर्रर्र. टिंग. चकती पडली. मिस्त्रीचीच चकती, कानस मारलेली. मागे जुनं भोक.

आता घ्या. पुस्तकात दोनशे सतरा, गाडीला दोनशे अठरा, आणि सकाळी गिऱ्हाईक दारात. मिस्त्रीण रडकुंडीला आली. "बुजवा ते," म्हणाली. "एकच तर आहे. तुम्ही बुजवलेलं जगात कुणाला कळत नाही. साहेब मोजतील, पुस्तकाशी जुळेल, गॅरेज आपलं होईल. बुजवा हो."

आणि तो माणूस, ज्यानं बेसिन बुजवलं, कठडा बुजवला, खिळ्याची भोकं बुजवली, त्यानं ती चकती उचलली, खिशात टाकली आणि म्हणाला, "नाही. मूळचं आहे ते. मी नाही हात लावणार."

वीस वर्षांच्या संसारात मिस्त्रिणीनं हे पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकलं ते कधी, तर त्या दिवशी.

सकाळी हातमोजेवाले आले. दार लावलं. रिकाम्या डब्यासारखं वाजलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. काटे ठेवले. सहाशे बेचाळीस.

"आजी," हातमोजेवाले म्हणाले, "गाडीवरचा हात काढता का जरा?"

सासूबाईंनी हात काढला. सहाशे चाळीस.

मग मोजणी. टॉर्च घेऊन हातमोजेवाले गाडीखाली गेले, गाडीत गेले, गाडीतून बाहेर आले, तोंडानं पुटपुटत. मिस्त्रीण जिन्याचा कठडा धरून. शेवटी ते सीटमागच्या पट्टीशी थांबले. "दोनशे अठरा," म्हणाले. आवाज गार. "हे पुस्तकात नाही, मिस्त्री. हे तुम्ही पाडलंत."

"नाही, साहेब. मी बुजवलं होतं, तेवढं कबूल."

"पुस्तक कारखान्याच्या नोंदींवरून केलंय."

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नोंद करणाऱ्याचं लक्ष कुठं होतं त्या वेळी, ते तुम्हाला काय माहीत? चहा प्यायला गेला असेल. तुम्ही पुस्तक मिटा आणि भोकात बघा की."

हातमोजेवाल्यांनी पुस्तक मिटलं. भिंग काढलं. डोकं आत घातलं ते घातलं, बाहेर येईना. बाहेर आले तेव्हा नाकाला काळं लागलेलं. "कडेच्या आतल्या अंगाला हिरव्या रंगाचा हात आहे," ते म्हणाले, "कारखान्याचा पहिला हात. बाकीच्या भोकांना आहे तोच. म्हणजे रंग द्यायच्या आधीचं भोक. म्हणजे... आम्ही सगळे इतकी वर्षं चुकीचं मोजत होतो." आणि खाली बसून, मांडीवर ते जाडं पुस्तक घेऊन, त्यांनी दोनशे सतरावर काट मारली, आणि पेन्सिलीनं लिहिलं, दोनशे अठरा. मग सासूबाईंना म्हणाले, "आजी, जगातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, "चमचा मात्र परत मिळणार नाही." कारण हातमोजेवाल्यांनी चमचा मागितला होता, गाडीसोबत ठेवायला. शेवटी वाकडा तेवढा दिला.

गाडी गेली हो. लिंबासारखी गाडी, दारं डब्यासारखी वाजवत गेली, कोपऱ्यावर वळली, आणि मिस्त्रीण मूर्खासारखी रडली. का, ते विचारू नका, तिलाही माहीत नाही. पण वर आली, पलंग रिकामा बघितला, त्यावर आडवी पडली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. सासूबाई खुर्चीवर बसायला गेल्या आणि दचकल्या, वर्षभराची सवय, वाटलं अजून हातभर खाली जायचंय. डब्यांत साखर परत गेली. महिनाभर चहात एखादा वायसर निघायचा तेवढंच.

आणि वर्ष संपायच्या आत गॅरेज त्यांचं झालं. खालचं, वरचं, जिना धरून. मालकानं किल्ली दिली, गादीवाला हात हलवत गेला. इतकंच नाही, हातमोजेवाल्यांनी कुठं कुठं सांगितलं असेल ते असो, पण आता लांबलांबून शौकीन लोक येतात, मिस्त्रीनं जुनं काय आहे ते बघावं म्हणून. सासूबाई चमचा घेऊन पुढे असतात. त्यांची वेगळी फी आहे.

सगळं छान झालं. आता परवाची गोष्ट. दुपारी भुरभुर पाऊस आला, आणि मिस्त्रीण त्या परत मिळालेल्या पलंगावर पडलेली, तर कपाळावर टप. पुन्हा टप. वर बघते तर छपराच्या पत्र्याला भोक, करंगळीएवढं. आपल्या पत्र्याला. आपल्या स्वतःच्या. ती जिन्यावरून ओरडली, "अहो, वर या, एक भोक बुजवायचंय." पूर्वीचा मिस्त्री असता तर हाक संपायच्या आत शिडीवर असता. हा आला, सावकाश, पान्हा खाली ठेवून. शिडी लावली. वर गेला. भोकात बोट घालून बघितलं, डोळा लावून बघितलं, नखानं कड खरवडली.

"काय झालं? बुजवताय ना?"

"बुजवू," तो वरूनच म्हणाला. "पण आधी बघू दे, मूळचं आहे का ते."

मिस्त्रीण उठली, पलंग भिंतीकडे सरकवला, आणि बादली आणायला गेली.